डोक्यावरची टाकी

डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, खांद्यावर वजन घ्यायचं नाही. डोक्यावर घ्यायचं नाही असं ते एकदाही म्हणाले नव्हते. नंतर मी त्यांना हे सांगितलं तर कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "बाई, हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं." आता त्यात माझी काय चूक?

मी नांदेडला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. पोहायला मी कंधारकडच्या आमच्या गावच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायला शिकले ते बऱ्याच वर्षांनी, कोकणात शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा. सहल परत आली, माझा जीव तिकडंच राहिला. मग सुट्ट्यांमध्ये जाऊन जाऊन रीतसर शिकले. लोक म्हणायचे, इथं प्यायला पाणी न्हाई आन् ही बया पाण्याखाली जायचं शिकून आली! म्हणोत बापडे. त्याच लोकांची मोटार तलावात बुडाली की रात्रीतून माझा नंबर शोधून काढतात.

तर आमचं एक छोटंसं पथक आहे. बंधाऱ्याचं दार अडकलं, मोटार बुडाली, पाणी ओढायच्या पाइपात काही गुंतलं, की नांदेड-लातूर दोन्हीकडून फोन येतात. कधी माणूस शोधायचाही फोन येतो, त्याबद्दल मी इथं बोलणार नाही. एकजण पाण्यात उतरतो. त्याच्या कमरेला दोरी, दोरीचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि तिसरा तयार होऊन बसलेला, काही झालं तर उडी मारायला. बोट-बिट काही नाही. काठावरून चालतच पाण्यात शिरायचं.

आणि आमच्याकडचा काठ म्हणजे काय विचारू नका. रस्ता संपतो बांधाच्या पायथ्याशी. तिथून बांध चढायचा, पलीकडं दगडांवरून उतरायचं, मग उन्हानं भेगाळलेली काळी माती, मग घोट्याएवढा गाळ, मग कुठं पाणी. टाकी चांगली पोत्याच्या तोलाची नसली तरी चार-पाच वर्षांच्या धष्टपुष्ट पोराएवढी तरी जड नक्कीच, आणि पोरासारखी गळ्याला मिठी मारत नाही, घसरते. शिवाय खाली बुडायला कमरेचा शिशाचा पट्टा. गंमत अशी की पाण्यात गेल्यावर टाकीला वजनच राहत नाही. टाकी ज्याला अडकवतात ते हवा भरलेलं जाकीट पाण्यावर तरंगत ठेवून नुसते हात घातले की झालं. सगळी भानगड आहे ती पाण्यापर्यंत पोचायची.

पथकाचे प्रमुख काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. मिशी पांढरी, आवाज अजून बंबाच्या घंटेसारखा. त्यांचा एकच नियम : ज्यानं त्यानं आपलं सामान आपण वाहायचं. जो आपली टाकी पाण्यापर्यंत आणू शकत नाही, तो पाण्यात उतरत नाही. कारणही खरं आहे. दुसऱ्यानं उचललेल्या टाकीचा वॉल्व्ह कुठं आपटला हे आपल्याला कळत नाही, आणि खाली गेल्यावर कळून उपयोग नाही. सुरुवातीला गावोगावचे पुढारी माझी टाकी उचलायला धावायचे, "बाईमाणसाला काहून त्रास?" म्हणून. मीच त्यांना झिडकारायचे. नियम काकांचा होता, पण सगळ्यांत जास्त टेंभा मीच मिरवायचे.

मग मागच्या वर्षी गोदावरीच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सटकला. टाकी हातात होती. शहाण्या माणसानं टाकी सोडून दिली असती. मी ती धरून ठेवली आणि डाव्या खांद्यातून असा काही आवाज आला की वरच्या पायरीवर कपडे धुणारी बाई म्हणाली, "अगं माय, काय तुटलं?" टाकीला ओरखडासुद्धा आला नाही. खांद्याचा स्नायू फाटला.

हाताची झोळी सुटली, व्यायाम सुरू झाले, पण हात कानापर्यंत जाईना. वेणी घालायला नवरा. त्याची वेणी म्हणजे बैलाच्या शेपटीला गाठ मारावी तशी. शाळेत पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. ते सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते काकांचं बोलणं. आले, चहा प्यायले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाई, आता तुम्ही दोरी धरा. नवा गडी तयार झालाय, तुमचं सामान त्याला देऊ. दोरी धरणं म्हणजे काही कमी काम नाही."

कमी नाही हे मला ठाऊक आहे हो! पण मला ते नको होतं. मला खाली जायचं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला स्वतःचं म्हणावं असं एखादं ठिकाण असतं, माझं पाण्याखाली आहे. मी म्हटलं, "काका, नियम काय आहे? टाकी पाण्यापर्यंत आपली आपण न्यायची. नेली तर?"

"एका हातानं?"

"ते माझं मी बघते."

"पुढच्या कामाला बघू मग," ते म्हणाले. "नाही जमलं तर त्याच दिवशी सामान गड्याच्या हवाली. नंतर कुरकुर नाही." मी हो म्हटलं. रागात माणूस काहीही हो म्हणतं.

मग माझे प्रयोग सुरू झाले. चाकाच्या बॅगेत टाकी घालून पाहिली. बॅगेचं चाक काळ्या मातीत पहिल्याच झटक्याला निखळलं. घमेल्याला दोरी बांधून ओढून पाहिलं, बांधाच्या दगडांवर ते उलटं झालं. उजव्या खांद्यावर घेतली तर तोल सावरायला डावा हात आपसूक वर जायचा आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एक दिवस शाळेच्या फाटकाशी उभी होते. समोरून एक म्हातारी जळणाची मोळी डोक्यावर घेऊन आली आणि दोन्ही हात मोकळे सोडून, तंबाखू मळत, रस्ता ओलांडून गेली. मी तिच्याकडं बघतच राहिले. अरे देवा, मी कुठल्या गावची! माझ्या मायनं अर्धा जन्म काय केलं?

रजा टाकली आणि टाकी घेऊन मायकडं निघाले. एसटीत कंडक्टरनं अडवलंच. "ओ ताई, गॅसची टाकी गाडीत चालत न्हाई."

"गॅस न्हाई, हवा हाय."

"हवा? मंग टाकीत भरून काहून नेऊन राहिल्या? गावाकडची संपली का?"

सगळी गाडी हसली. तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "अरे ऑक्सिजन असंल, पेशंटचा." झालं! गाडी एकदम गप्प. एका बाईनं उठून जागा दिली, कंडक्टरनं स्वतः टाकी उचलून सीटखाली सरकवली आणि हळू आवाजात विचारलं, "पेशंट कुठं हाय?"

"ही काय, मीच," असं म्हणून मी डावा हात वर करून दाखवला. तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही. त्याला काय कळलं कोण जाणे, पण कंधार येईपर्यंत तो दर थांब्याला "बरं वाटून राहिलं का?" असं विचारत होता.

मायला वाटलं, लेक आराम करायला आली. दुसऱ्या दिवशी तिनं मला परसात पाहिलं. जुन्या लुगड्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवलेली, टाकी गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळलेली, आणि शेजारची काकू ती माझ्या डोक्यावर देत होती. काकू विचारत होती, "गॅस संपला का गं बाई?" मायच्या हातातलं सूप खाली पडलं.

इथं मायबद्दल सांगायला हवं. ती लग्न होऊन या गावात आली ती मोठ्या दुष्काळात. हळद उतरायच्या आत डोक्यावर मातीची पाटी आली. गावाच्या वरचा तलाव तेव्हा दुष्काळी कामावर बांधला जात होता आणि त्याच्या बांधावर तिनं माती वाहिली. त्यानंतरही वाहतच राहिली, कधी माती, कधी जळण, कधी कडबा. तिच्या टाळूवर चुंबळीच्या जागी केस विरळ आहेत, तेल लावताना बोटाला तो गोल लागतो. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या आयांना तसा गोल असतो.

"ह्याच्यासाठी शिकिवलं का गं तुला?" ती ओरडली. "तुझ्या टाळूला भार लागू न्हाई म्हणून मी मान मोडून घेतली. आन् तू मास्तरीण होऊन परत पाटी घेतलीस डोक्यावर? थू!"

"माय, पाटी न्हाई, टाकी हाय."

"भार तो भारच. उतरिव!"

"न्हाई उतरवत."

मी तिचीच लेक. ती घरात गेली, कडी लावली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायची, ताट सरकवायची, तोंड भिंतीकडं. मीही हट्टाला पेटले. रोज सकाळी शेताच्या बांधावरून टाकी डोक्यावर घेऊन चालायचे. मान जड व्हायची, पाठ ताठ व्हायची, पण खांदा? खांदा बिचारा निवांत. उजव्या हातानं धरायचं, डावा पोटाशी. ओलं गोणपाट असलं की टाकी घसरत नाही, हे कळलं. पाय उचलून टाकायचा नाही, पुढं सरकवायचा, हेही कळलं.

एकच अडचण. डोक्यावरचा भार आपला आपल्याला चढवता येत नाही. दुसरं माणूस लागतंच. पण आमच्याकडं त्याची कुणाला अडचण वाटत नाही, कारण भारा उचलू लागायला कुणी नाही म्हणत नाही. बांधावर एकटी बाई भाऱ्यापाशी उभी दिसली आणि तिनं "हात लाव गं" म्हटलं, की जाणारीनं थांबायचं, हात लावायचा, पुढं जायचं. आमच्या भावकीतल्या दोघी जावा शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे हद्दीच्या भांडणावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. पण एकीनं हात लाव म्हटलं की दुसरी तोंड फिरवून का होईना, हात लावायचीच. भांडण भांडणाच्या जागी. नाही म्हणणाऱ्या बाईला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

म्हणून मी मायला एकदाही "हात लाव" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला लावावाच लागला असता, आणि तिच्यावर तशी जबरदस्ती करायची माझी हिंमत नव्हती. काकूलाच हाक मारायचे.

आणि मग फोन आला, तोही आमच्याच गावचा! तलावातून गावाला पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी काहीतरी गुंतलं होतं. मोटार नुसती घुंघुं करायची, पाणी चढेना. नळ कोरडे, बायका घागरी घेऊन बांधाखाली येऊन बसलेल्या. काका आणि नवा गडी नांदेडहून जीप घेऊन आले. माझं उरलेलं सामान त्यांनी आणलं होतं, टाकी माझ्याजवळच होती.

नवा गडी भला माणूस. त्यानं आपली टाकी उचलून खांद्यावर मारली आणि बघता बघता बांध चढून गेलाही. मी शिशाचा पट्टा कमरेला बांधला, जाकीट आणि बाकीचं बोचकं उजव्या काखेत मारून पाण्यापर्यंत एक फेरी करून आले. मग डोक्यावर चुंबळ ठेवली. टाकी पायाशी. सगळा गाव बघतोय.

काकांनी चुंबळ पाहिली आणि त्यांना उमगलं. "बाई, चढवायला माणूस लागणार तुम्हाला."

"लागंल की."

"मग मदत झाली ती. नियम म्हणजे नियम." आणि बायकांकडं वळून त्या घंटेसारख्या आवाजात म्हणाले, "सामानाला कुणी हात लावायचा नाही. जबाबदारीचं काम आहे, गंमत नाही."

शेजारची काकू उठली होती, ती परत बसली. खाकी कपड्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या आवाजाला गाव दचकतंच. मी एकेकीकडं पाहिलं. सगळ्या घागरीत डोकावू लागल्या. नवा गडी बांधावरून खाली बघत होता. जरा वेळानं त्याला हाक जाणार, तो येऊन माझी टाकी नेणार, आणि मी जन्मभर दोरी धरणार. मला रडू येत होतं आणि त्याचा आणखी संताप येत होता.

माय सगळ्यांच्या मागं उभी होती. तिच्याही नळाला पाणी नव्हतं ना. माझ्याकडं नाही, बांधाकडं बघत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं. "माय, हात लाव."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. आमचं बोलणं बंद आहे हे अख्ख्या गावाला माहीत. मायनं घागर खाली ठेवली. पदर खोचला. आली. काका आडवे आले, "आजी, ऐकलं ना तुम्ही, मदत चालत नाही."

"मदत कोण करून राहिलं?" माय म्हणाली. "साहेब, तुम्ही जन्मला तवा सुईणीनं हात लावलाच असंल ना?"

"हो, मग?"

"मंग जल्म कुणाचा? तुमचा का सुईणीचा?"

बायकांमध्ये जो हशा उठला तो बांधाच्या पलीकडं गेला असेल. काकांनी मिशीवरून हात फिरवला. माय त्यांची वाट बघत थांबलीच नव्हती. तिनं माझी चुंबळ काढली, डोळ्यांपुढं धरून पाहिली, "कसली ढिली केलीस" म्हणून पुरती सोडली आणि पुन्हा वळली, घट्ट. मग टाकी. तिचे दोन हात, माझा एक. डोक्यावर भार बसला तेव्हा तिनं माझी हनुवटी बोटानं वर केली. "खाली बघू नको. पायाला कळतं."

मी निघाले. बांध चढताना घाम डोळ्यात जात होता आणि पुसायला हात नव्हता. मध्यावर एक दगड हलला, टाकी कलली, खालून बायकांचा "आईऽ!" असा आवाज आला. माझा डावा हात आपसूक वर जाऊ लागला. तो मी दातओठ खाऊन खाली दाबला, गुडघा वाकवला, मानेनं तोल घेतला. टाकी स्थिर झाली. माथ्यावर पोचले, पलीकडं उतरले, भेगाळ माती तुडवली, गाळ तुडवला. पाण्याच्या काठावर नव्या गड्यानं टाकी उतरवून घ्यायला हात पुढं केले, मी मागोमाग आलेल्या काकांकडं पाहिलं. ते म्हणाले, "उतरवून घे रे. पोचली ती." आणि स्वतः वाकून दोरी उचलली.

पाण्याखाली काही दिसत नव्हतं. आमच्या तलावांत दिसतच नाही, चहात बुडाल्यासारखं असतं. सगळं हाताला विचारायचं. पाइप बांधाच्या आतल्या उतारावरूनच खाली जातो, तेव्हा मी त्या उतारावर हात ठेवत ठेवत गेले. दगडाला दगड लागलेला, मधल्या फटींत माती, घट्ट, नखानं खरवडली तरी न निघणारी. पाइपाच्या तोंडाशी फाटकं मासेमारीचं जाळं आणि त्यात कुणाचं तरी लुगडं, दोन्ही गच्च पिळून बसलेली. उजव्या हातात सुरी, डावा छातीशी. पाण्यात त्या हाताला काही दुखत नव्हतं. कापत गेले, ओढत गेले, दोरीला झटके देऊन काकांना बरं आहे म्हणून कळवत गेले. वर आल्यावर बंद ठेवलेली मोटार सुरू केली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. माझ्यामागून काठावर आलेल्या बायका बांध चढून घागरी घेऊन पळत सुटल्या होत्या, नळाकडं.

माय पळाली नाही. गाळाच्या कडेला उभी होती. मी ओल्या अंगानं तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"काय हाय गं खाली?"

"दिसत काही न्हाई. हाताला लागलं तेवढं. तुझी माती हाय, माय. तुमच्या बायांनी टाकलेली."

"हाय अजून?"

"जराही हलली न्हाई. नखानं निघत न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड, उन्हातला घाम पुसावा तसं. मग माझी भिजकी चुंबळ पिळून काढली आणि स्वतःच्या टाळूवर ठेवली.

"माय, हे काय?"

"रिकामी झाली ना टाकी?"

"रिकामीसुद्धा जडच असते ती. आणि तू म्हणालीस ना, भार तो भारच."

"तवा मला कुणी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "नवी नवरी, घरात दाणा न्हाई, उचल पाटी म्हटलं की उचलायची. आज मी माझ्या मनानं घेऊन राहिले. बघू दे मला, कशी लागती ती." आणि मला नाही म्हणता येणार नाही हे पुरतं जाणून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात लाव गं."

मी उजवा हात लावला. एका हातानं टाकी अर्धीच उचलली गेली आणि तिथंच लटकली. तेव्हा दोरी खाली टाकून काका आले, आणि टाकीचं दुसरं टोक त्यांनी धरलं.